जानेवारीतली दोन कातडी

रिव्हर हेड, लॅब्रेडॉर
५ फेब्रुवारी १९२७

ताई,

अँब्रोझनं टपालाची कुत्री जुंपलीत आणि तो दारात उभा राहून माझ्याकडं बघतोय, म्हणून मुद्द्याचंच लिहितो. बातमी वाईट आहे. सायलस गेला. नोव्हेंबरच्या तेवीस तारखेला आम्ही नदी ओलांडत होतो. तो माझ्या वीसेक पावलं पुढं होता. बर्फ अजून कोवळं होतं, खालून पाणी जोरात वाहत होतं. तो एकदम खाली गेला. मी पोटावर सरपटत कडेपर्यंत गेलो, काठी टाकली, हाका मारल्या. प्रवाहानं त्याला बर्फाखाली ओढून नेलं. दोन दिवस खालच्या अंगाला शोधलं, सापडला नाही.

केतुराला तूच सांग. तुझा नवरा गेला, हे तिच्यासमोर उभं राहून सांगणं मला जमणार नाही. तू तिच्या शेजारची, तुझं ती ऐकते.

अँब्रोझबरोबर कोल्ह्यांची अकरा कातडी पाठवतोय. सात लाल, तीन खांद्यावर काळ्या पट्ट्याची आणि एक रुपेरी. हो, रुपेरी, तेही अगदी शेपटीच्या पांढऱ्या टोकासकट. ती नेहमीसारखी स्वच्छ करून, विंचरून दे. कातडी विकत घेणारा वखारवाला जहाज आल्यावर बघेल, त्याआधी मला परत हवीत. फार कोणाला दाखवत बसू नकोस.

मी गेल्याच आठवड्यात वरून उतरलो, आता इथंच राहतोय. वखारीत लाकूड फोडायचं काम मिळालंय. वसंतात घरी येईन.

तुझा भाऊ,
एबेन


मॅलट कोव्ह
२६ फेब्रुवारी

एबेन,

तुझं पत्र मी केतुराला वाचून दाखवलं, कातड्यांचा भाग सोडून. ती चुलीपाशी उभी होती. तिनं किटली उतरवली, पुन्हा ठेवली, पुन्हा उतरवली. रडली नाही. मग तिनं एकच विचारलं: नोव्हेंबरात तो गेला, तर एबेन जानेवारीच्या शेवटापर्यंत वर काय करत होता? तेच मी तुला विचारते. दोन महिने एकटा सापळे चालवत राहिलास? पाच दिवसांची वाट उतरून वखारीत कोणाला सांगावंसं वाटलं नाही?

आता ती रोज माझ्याकडं येते. घरात बसवत नाही म्हणते, म्हणून मी तिला कामाला लावलंय. मी रक्ताचे डाग गार पाण्यानं काढते, ती बर्चच्या लाकडाचा भुसा तव्यावर कोमट करून केसांत चोळते. मग दोघी बाहेर जाऊन बारीक काठीनं झटकतो आणि उत्तरेच्या वाऱ्यात टांगतो. नऊ कातडी तयार झालीत. ती नऊ तुझी आहेत, ते डोळे मिटूनही सांगेन. तू अजून कानातली कूर्चा काढायचा कंटाळा करतोस, शेपटी अर्ध्यापर्यंतच चिरतोस आणि चरबी कातड्याच्या काखेत ठेवून देतोस. मला दोन दिवस खरवडत बसावं लागलं.

उरलेली दोन, रुपेरी आणि पट्ट्याचं एक, मी केतुरासमोर काढली नाहीत. त्यांना माझी गरजच नाही. खरवडलेली, धुतलेली, ताणायच्या फळीवर वेळेत उलटवलेली, कान साफ, शेपटी टोकापर्यंत सरळ चिरलेली. विंचरूनसुद्धा झालीत.

ती दोन कोणाची, एबेन?

थिर्झा


रिव्हर हेड
१४ मार्च

ताई,

तू कातडी साफ करायला बसतेस की खटला चालवायला, तेच कळत नाही. जानेवारीपर्यंत राहिलो कारण सापळे लावलेले होते आणि खाली येऊन मी करणार काय होतो? सायलस परत येणार होता का? मी एकट्यानं ती वाट चालून बघितलीय, तू चुलीपाशी बसून बोलतेस.

त्या दोन कातड्यांचं म्हणशील तर ती मी इन्नू टोळीतल्या एका शिकाऱ्याकडून घेतली. डिसेंबरात तो उत्तरेकडून बायकामुलांसह जात होता. चहा, तंबाखू आणि माझी जुनी बंदूक दिली. म्हणून ती वेगळी दिसतात. बस, एवढंच.

मला वाटतं, तू ती सगळ्यात आधी परत पाठव. याच फेरीत, अँब्रोझच्या हाती, पोत्यात शिवून. आणि खरं सांग, तू हे अजून कोणाला बोललीस का? अँब्रोझ परवा माझ्याकडं बघून काहीतरी विचारणार होता आणि गप्प बसला. तो पत्रं वाचतो असं इथं म्हणतात. पुढच्या वेळी लाखेनं बंद कर.

पट्ट्याचं एखादं तुला गळपट्ट्यासाठी ठेव, माझ्या नऊपैकी. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठीच करतेस.

एबेन


मॅलट कोव्ह
२ एप्रिल

एबेन,

गळपट्टा नको. कातडी पाठवत नाही.

मी तुझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी आहे आणि आई गेल्यापासून तू कधी खोटं बोलतोस ते मला तुझ्या आधी कळतं. खोटं बोलताना तू नेहमी एक वाक्य जास्त बोलतोस. 'बस, एवढंच' हे त्यातलंच.

आता ऐक. इन्नू लोकांनी ताणलेली कातडी मी पुष्कळ पाहिलीत. ते फळी वाहून नेत नाहीत, वाकवलेल्या काटक्यांवर ताणतात, म्हणून खालचा काठ गोल येतो. या दोन्हींचा काठ सरळ आहे आणि फळीच्या खिळ्यांची भोकं बरोबर तुमच्या फळ्यांच्या मापाची आहेत. त्या फळ्या माझ्याच अंगणात तासल्या होत्या. आणि रुपेरी कातडं जुन्या बंदुकीवर कोण देईल? बायकामुलांना घेऊन चाललेला माणूस तर मुळीच नाही.

दुसरं. मागच्या पायांचा छेद उलट्या बाजूनं सुरू झालाय. डाव्या टाचेपासून. तू उजव्या हातानं काम करतोस. डाव्या हातानं सुरी धरणारा त्या नदीवर एकच माणूस होता आणि त्याची कातडी मी बारा वर्षं हाताळलीत. टांगलेल्या कपड्यावरून शेजारीण ओळखावी, तसं ते काम मी ओळखते.

तिसरं, आणि यानं मला आठ दिवस झोप नाही. मी दोन्ही कातडी उलटून आतली बाजू बघितली. नोव्हेंबरातल्या कोल्ह्याचं कातडं आतून निळसर असतं, हे तुलाही माहीत आहे. केस अजून भरत असतात. ही दोन्ही आतून स्वच्छ पांढरी आहेत, कागदासारखी. लांब केस पूर्ण वाढलेले, खालची लव इतकी दाट की फुंकर घातली तरी कातडी दिसत नाही. हे जानेवारीतले कोल्हे आहेत.

म्हणजे सायलस जानेवारीत जिवंत होता. बसून कातडी सोलत होता. आणि तू मला लिहिलंस, तो नोव्हेंबरात बुडाला.

आता इथं काय झालं तेही सांगते, म्हणजे तुझ्या खोट्याचा भार कोण उचलतंय ते तुला कळेल. गेल्या मंगळवारी मी रुपेरी कातडं खिडकीशी धरून बघत होते आणि केतुरा न ठोकता आत आली. मी ते झटकन पिठाच्या पिंपामागं टाकलं. तिनं बघितलं. म्हणाली, "काय लपवलंस?" मी म्हटलं, एक खराब झालंय, चुलीजवळ करपलं. ती म्हणाली, "करपल्याचा वास नाही आला." आणि निघून गेली. त्यानंतर ती आली नाही. आता वस्तीत कुजबुज आहे, थिर्झा लोकांची कातडी ठेवून घेते. गिल्बर्टच्या बायकोनं तिची दोन लाल कातडी अर्धवट असतानाच परत नेली. चाळीस वर्षं या हातांवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. मी गप्प बसले, कारण चोर ठरणं परवडलं. ते कातडं बाहेर काढणं परवडणारं नव्हतं. तिनं त्यावर एकदा हात फिरवला असता, तर तिलाही कळलं असतं.

एक रुपेरी कोल्हा म्हणजे काय असतो, ते मला समजतं. माणसं आयुष्यभर त्याची वाट बघतात. दोन माणसं, एक कोल्हा आणि वर चार महिने दुसरं कोणी नाही. मी काय विचार करते ते लिहायला माझा हात होत नाही. तूच लिही काय झालं ते. पुढच्या टपालापर्यंत थांबते. नाही आलं तर मी दोन्ही कातडी घेऊन मिशनच्या डॉक्टरांकडं जाईन. इकडचे न्यायाधीशही तेच आहेत, हे तुला ठाऊक आहे.

थिर्झा


रिव्हर हेड
१६ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आल्यावर मी पहिल्यांदा दक्षिणेकडं जायची तयारी केली. सामान बांधलं. मग सोडलं.

मी त्याला मारलं नाही. हे आधी लिहितो, पण पुढचं वाचल्यावर तू काय म्हणशील ते मला माहीत नाही.

दहा जानेवारीला आम्ही सगळ्यात वरच्या खोपटापासून अर्धा दिवस खाली, मधल्या खोपटात होतो. पाणी आणायला जाताना उतारावर सायलसचा पाय दोन खडकांत अडकला आणि नडगी मोडली. हाडाचा आवाज मी वर ऐकला. मी त्याला खोपटात ओढून आणलं, पायाला कातडी ताणायच्या दोन फळ्या लावून बांधलं. पीठ होतं, चहा होता, रानकोंबड्या होत्या. चार-पाच दिवस पुरेल एवढं लाकूड मी त्याच्या हाताशी रचलं, पुढचं लागलं तर झाडांच्या कडेला जुना ढीग होता, तिथवर तो सरपटत जाऊ शकत होता. कुत्रं आमच्याकडं नव्हतं, एकट्याला त्याला ओढून नेणं शक्य नव्हतं. ठरलं ते असं की मी वखारीपर्यंत जायचं आणि माणसं, घसरगाडी घेऊन यायचं. तोवर तो आदल्या दिवशीचे दोन गोठलेले कोल्हे वितळवून सोलणार होता. रुपेरी त्यातलाच. तो त्याच्या सापळ्यात मिळाला होता, माझ्या नाही. तो हसत होता, ताई. म्हणाला, "आता तुला माझ्या हातचं काम बघायला वेळ मिळेल."

मी निघालो. पण खाली गेलो नाही.

वरच्या वाटेवर माझे बारा सापळे होते. बर्फ नुकतंच पडून थांबलं होतं आणि कोल्हे फिरत होते, पावलं सगळीकडं दिसत होती. मला वाटलं, दीड दिवसात वर जाऊन येतो, सापळे रिकामे करतो, मग तसाच खाली निघतो. पाय मोडलाय, माणूस मरत नाहीये. दीड दिवसानं काय होतं? त्याला सांगितलं नाही. खोपटाच्या मागून वळसा घालून वर गेलो, म्हणजे त्याला दारातून दिसू नये.

वरच्या खोपटात वादळानं गाठलं. सहा दिवस दार उघडता आलं नाही. खाली आलो तेव्हा अठरा तारीख होती. धूर दिसत नव्हता. तो दारापासून चाळीस पावलांवर पडला होता, झाडांच्या बाजूला, बर्फानं अर्धा झाकलेला. लाकूड संपलं असावं, म्हणून बाहेर आला असावा. माणसं येताहेत असं समजून तो वाट बघत होता आणि मी कोणाकडं गेलोच नव्हतो.

आत खिळ्याला दोन कातडी टांगलेली होती. विंचरलेली. फणी खाली ठेवलेली.

त्याला त्याच्याच कोटात आणि तंबूच्या कापडात गुंडाळलं, दोन झाडांमध्ये उंच फळकुटं बांधून वर ठेवलं, जनावरांपासून लांब. तो अजून तिथंच आहे. नोव्हेंबर म्हटलं, कारण जानेवारीत नदीचं बर्फ छातीएवढं जाड असतं, त्यात कोणी बुडत नाही. आणि जानेवारी म्हटलं असतं, तर लोकांनी दिवस मोजले असते.

ती दोन कातडी मागं टाकावी असं शंभरदा मनात आलं. हात धजला नाही. इतर नऊमध्ये मिसळली. तुला कळेल हे मला माहीत होतं का? कदाचित होतं.

डॉक्टरांकडं जायचं तर जा. केतुराला काय सांगायचं ते तू ठरव.

एबेन


मॅलट कोव्ह
२७ एप्रिल

एबेन,

तिला मी काही सांगितलं नाही. तुझं पत्र तिच्या हातात दिलं आणि दोन्ही कातडी टेबलावर ठेवली.

तिनं उभ्यानं वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं. रुपेरी कातडं तिनं उलटवलं, आत हात घालून टाचेपासूनच्या छेदावरून बोट फिरवलं. बराच वेळ. मी म्हटलं, चोर म्हणवून घेतलं पण तुला हे दाखवायचं नव्हतं. ती म्हणाली, "दाखवायला हवं होतंस. मला वाटत होतं, तो पाण्यात आहे. रोज रात्री मी त्याला पाण्यात बघत होते."

मग तिचा चेहरा बदलला. तिला तुझ्या पत्रातला शब्दन्‌शब्द खोटा वाटतोय. एकदा खोटं बोललेला माणूस दुसऱ्यांदाही बोलेल, असं ती म्हणते. नडगी खरंच मोडली होती का, त्याच्याजवळ खरंच खायला ठेवलं होतंस का, की रुपेरी घेऊन त्याला तसाच सोडून आलास? मी तुझी बाजू घेतली नाही. मला शपथेवर सांगता आलं नसतं.

अँब्रोझ उद्या निघतोय. ती त्याच्याबरोबर येतेय. म्हणाली, नदीवरचं बर्फ फुटायला तीन आठवडे आहेत, तेवढ्यात एबेननं मला त्या खोपटापर्यंत न्यायचं आणि मी सायलसला खाली आणणार. मी तिला थांबवलं नाही. उलट माझे लोकरीचे मोजे आणि आपल्या वडिलांची कुऱ्हाड दिली.

तू रिव्हर हेडला असशील. सामान बांधू नकोस. आणि तिच्या पुढं चाल, मागं नाही. ती तुला मागं राहू देणार नाही.

थिर्झा


रिव्हर हेड
१४ जून

थिर्झा,

पहिली होडी खाली निघालीय, तिच्याबरोबर हे पाठवते. माझं अक्षर तुला लागेल की नाही कोण जाणे.

सायलसला काल पुरलं. जमीन वीतभरच सैल झालीय, खालचं फोडायला चार माणसं लागली. मिशनचे डॉक्टर आले होते. त्यांनी पाय बघितला आणि म्हणाले, नडगी मोडली होती, बांधलीही नीट होती. तेवढं एबेन खरं बोलला. त्यांनी मला विचारलं, काही तक्रार आहे का? मी सांगितलं, ज्याची तक्रार मला आहे त्याला तुमच्या पुस्तकात कलम नसेल.

आता जे लिहिते ते मी डॉक्टरांना सांगितलेलं नाही आणि एबेनलाही नाही.

वर जाताना तो सगळा वेळ माझ्या पुढं चालला. पाच दिवसांत आम्ही वीस वाक्यं बोललो नसू. खोपटापाशी पोहोचल्यावर मी त्याला लाकूड आणायला लांब पाठवलं. मला एकटीला आत जायचं होतं. मी शोधायला गेले होते, थिर्झा. खायला ठेवलं नव्हतं, चूल कधी पेटलीच नव्हती, असं काहीतरी सापडेल म्हणून. पिठाच्या पिशवीत मूठभर पीठ होतं. आणि बाजेखाली लाकूड होतं. फोडलेलं, सुकं, नीट रचलेलं. अजून दोन दिवस सहज पुरलं असतं. एबेननं खाली वाकून बघितलंच नव्हतं.

मग तो लाकडासाठी कशाला बाहेर पडेल?

आम्ही सायलसला खाली उतरवलं तेव्हा मी पुन्हा एबेनला दूर पाठवलं आणि कापड उघडलं. धडधाकट पायाला बर्फावर चालायचा रुंद जोडा बांधलेला होता, गाठ नीट मारलेली. कोटाच्या आत, छातीशी, फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या. चार. चहाची पुडी आणि मेणकापडात काड्या. कापडात त्याच्याबरोबर कंदीलही गुंडाळलेला होता. तो एबेनला कुठं सापडला, ते मी जाता जाता विचारलं. म्हणाला, सायलसच्या हाताखालीच होता. त्या जागी मला घेऊन चल म्हटलं. ती जागा वरच्या वाटेवर होती. झाडांतून वर जाणारी वाट, एबेन वळसा घालून ज्या वाटेनं गेला, तीच. वळसा घातला तरी बर्फावर पावलं उमटतातच आणि सायलसला पावलं वाचता येत होती.

त्याला माहीत होतं, एबेन खाली गेलेला नाही. पहिल्याच दिवशी कळलं असणार. आणि वादळ लागल्यावर चार भाकरी भाजून, कंदील घेऊन, एका पायावर तो त्याला शोधायला निघाला.

मी तिथं उभी राहिले आणि एबेन शेजारी उभा होता. तो म्हणाला, "लाकडासाठी आला असेल ना तो?" मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो किती वाळलाय ते तुला बघितल्याशिवाय कळणार नाही. मी म्हटलं, "असेल."

का म्हटलं, मला माहीत नाही. दया आली म्हणून नाही, एवढं नक्की. त्याला हे सांगितलं तर तो जगेल असं मला वाटत नाही आणि नाही सांगितलं तर सायलस फक्त लाकडासाठी बाहेर पडलेला माणूस होऊन राहतो. दोन्ही मला सोसवत नाही. तो पुढच्या होडीनं तुझ्याकडं घरी येतोय. तो तुझा भाऊ आहे आणि तो कधी काय ऐकू शकतो ते तुला त्याच्यापेक्षा जास्त कळतं. तू ठरव.

वस्तीत मी तुझ्याबद्दल जे बोलले ते परत आल्यावर दारोदार जाऊन परत घेईन. गिल्बर्टच्या बायकोपासून सुरुवात करते.

केतुरा